कोरड्या बोअरची अब्रू

आमच्या जिल्ह्यात जमिनीला इतकी भोकं पाडून ठेवली आहेत की निफाडला कुणी बोअरमध्ये तोंड घालून शिंकला, तर सिन्नरच्या बोअरमधून 'सत्य आहे' असं उत्तर येतं. मी स्वतः ऐकलेलं आहे. निदान ज्याने ऐकलं त्याला मी ओळखतो, आणि आमच्या धंद्यात तेवढा पुरावा चालतो.

माझा धंदा जगापेक्षा उलटा आहे. अख्खा जिल्हा जमिनीतून पाणी उपसतो आणि मी ते परत आत घालायच्या परवानग्या काढून देतो. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी गाळायचं आणि बोअरमधून खाली खडकात सोडायचं, त्याचे अर्ज मी तयार करतो. पंचवटीत भाजीबाजारावर माझी खोली आहे. खाली मेथीच्या जुड्यांवरून भांडणं चालतात, वर मी लोकांचे नापास झालेले अर्ज वाचून खुर्चीवरून खाली पडत असतो.

काय एकेक नग असतात! एकाने कोकणातल्या कुणाचा तरी अर्ज जसाच्या तसा उतरवला. त्यामुळे येवल्याच्या बोअरखाली समुद्राची वाळू लागली आणि जवळची वस्ती कोळ्यांची निघाली. दुसऱ्याने मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश उलटे टाकले, तर त्याचा बोअर थेट नॉर्वेच्या वर, बर्फाच्या समुद्रात जाऊन पडला. साहेबांनी शेरा मारला, 'सदर ठिकाणी पाण्याची टंचाई दिसून येत नाही.' कांदा धुतलेलं पाणीच बोअरमध्ये सोडतो म्हणणारा एक महाभाग तर मी हात धरून जिन्याखाली सोडला. जमिनीत जातं ते कुणाच्या तरी माठात येतं, एवढं साधं गणित आहे.

पण ह्या सगळ्या चुका बिगारीतल्या. खरी चूक वेगळीच, आणि ती करायला माणूस आमच्याकडचाच लागतो. ती मला विंचूरच्या बाजूच्या एका मामांनी करून दाखवली.

मामा म्हणजे कांदा वाळवून त्याच्या चकत्या नि पावडर करणारे कारखानदार. गावात लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा चिडली की मामाच म्हणते. मिशा अशा, की एका टोकाला बसलेल्या माशीला दुसऱ्या टोकापर्यंत जाताना वाटेत मुक्काम करावा लागावा. त्यांनी नवं शेड बांधलं होतं, यंत्रं आणून बसवली होती. पण शेड चालवायला लागणारं पाणी जमिनीतून उपसायचं, तर त्याच्या बदल्यात छपराचं पाणी जमिनीत घालून दाखवा, असा नियम. ती परवानगी आली की शेड सुरू, नाहीतर टाळं. आणि मामांचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून त्या शेडसाठी परत आला होता. त्याने बापाला स्पष्ट सांगितलं होतं की उन्हाळ कांदा निघेपर्यंत शेड चालू झालं तर मी इथला, नाहीतर बॅग भरलेलीच आहे. मामांना शेडपेक्षा त्या बॅगेची धास्ती होती. जाता-येता ते तिला पायाने हळूच कॉटखाली ढकलत.

ते माझ्याकडे आले आणि म्हणाले की बोअर तयार आहे, शेडच्या मागेच. मी विचारलं, पाणी किती आहे?

"लय," मामा म्हणाले. "बारमाही. दांडगा झरा हाय."

मी सांगितलं की मग परवानगी विसरा. भरलेल्या पिंपात कुणी पाणी ओततं का? मला कोरडा बोअर पाहिजे, तहानलेला. त्यावर मामांनी जिन्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, खाली मेथी विकणारी बाई ऐकत नाही ना ह्याची खात्री केली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मग तुमचं काम झालं भाऊ. जलमल्यापासून थेंब नाय त्याच्यात."

आता हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे सोयरीक जमवताना मुलीचा रंग नंतर बघतात, आधी तिच्या बापाचा बोअर बघतात. पाणी असलेलं घर म्हणजे खानदान. मामांच्या मुलीला येवल्याचं, पैठणी विणणाऱ्या घरातलं स्थळ आलं, तेव्हा मामांनी घाईघाईने बोअर मारला. मुरूम गेला, मांजऱ्या खडक गेला, काळा पाषाण गेला, आणि वर आली ती फक्त पिठासारखी धूळ. मामा म्हणतात त्या धुळीने गावातल्या म्हशी आठवडाभर पांढऱ्या दिसत होत्या. पण पाहुणे तर निघाले होते. मग मामांनी कोरड्या बोअरवर झोकात मोटर बसवली आणि कुठून तरी जमिनीखालून एक नळी आणून त्याच तोंडाशी जोडली. पाहुणे आले, बटण दाबलं, धो धो पाणी. मुलाच्या वडिलांनी ओंजळीने पिऊन पाहिलं आणि म्हणाले, अमृत आहे. लग्न झालं, नातवंडं झाली. तरी तो बोअर मामांच्या घरी एखाद्या थोर पूर्वजासारखा राहिला होता. त्याच्याबद्दल सगळे आदराने बोलत आणि तो कुणाच्याच उपयोगाचा नव्हता.

मी अर्जात 'कोरडा, निकामी बोअर' असं लिहिलं, तर मामांनी माझा हात धरला. निकामी नका लिहू, 'विश्रांती घेतोय' लिहा, म्हणाले. बऱ्याच ओढाताणीनंतर 'पाणी न लागलेला' ह्यावर तोड निघाली. मग मी आसपासच्या पिण्याच्या विहिरी विचारल्या, कारण त्या नकाशात दाखवाव्याच लागतात. मामा म्हणाले एकही नाही. मी शेडभोवती चक्कर मारली, तर मागच्या बाजूला चिंचा, घाणेरी आणि कडब्याची भली मोठी गंज. मी गंजीपाशी थांबलो तेवढ्यात मामींनी चहाला हाक मारली. मामींच्या चहात वेलदोडा इतका असतो की माणूस पुढचा प्रश्न विसरतो.

अर्ज गेला. अशा अर्जाची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, कुणाला हरकत असली तर घ्यावी म्हणून. एरवी त्या फळ्याकडे शेळीसुद्धा बघत नाही. पण मोबाइल आल्यापासून फळासुद्धा प्रवास करतो. कुणीतरी फोटो काढला, आणि तो फिरत फिरत येवल्याला मामांच्या व्याह्यांकडे पोचला.

व्याही हा माणूस म्हणजे सज्जनपणाची कमाल. शब्द कुणाला लागेल का ह्याचा अंदाज घेऊन मगच तो तोंडातून सोडणार. नोटिशीत बोअर कोरडा की ओला हे नसतं, कुणाच्या बोअरमध्ये काय सोडणार एवढंच असतं. त्यांनी ती वाचली आणि ते कळवळले. आपल्या व्याह्याच्या अमृतासारख्या बोअरमध्ये कुणीतरी छपराचं पाणी सोडतंय, कबुतरांचं, धुळीचं! नक्कीच कुणीतरी भोळ्या मामांना फसवतंय. (तो कुणीतरी म्हणजे मी.) त्यांनी सुवाच्य अक्षरात हरकत पाठवली: हा पिण्याच्या गोड पाण्याचा चालू बोअर असून मी स्वतः त्याचं पाणी प्यालो आहे.

झालं. पिण्याच्या चालू बोअरमध्ये छपराचं पाणी सोडायला परवानगी मिळत नाही, मिळूही नये. कार्यालयातल्या मॅडमनी पाहणीचा दिवस ठरवला आणि हरकत घेणाऱ्यालाही हजर राहायला कळवलं. मी मामांना फोन करून म्हटलं, आता दोनच वाटा आहेत. व्याह्यांसमोर बोअर कोरडा आहे म्हणून सांगा, नाहीतर मुलाची बॅग कॉटखालून बाहेर काढा.

मामा म्हणाले, "तिसरी वाट आसंल ना भाऊ. आपल्याकडं कायम तिसरी आसते."

पाहणीच्या सकाळी मी लवकर पोचलो, तर तिसरी वाट शेडमागे उभी होती. टँकर. मामांनी बोअरच्या तोंडात पाइप खुपसला होता आणि ते कपाळाला हात लावून खाली बघत होते. बेत असा होता, की बोअर गळ्यापर्यंत भरायचा, व्याही एसटीने आले की झाकण उघडून पाणी दाखवायचं, मग मामींनी त्यांना पुरणपोळीवर बसवायचं. तेवढ्यात पाणी खाली जाईल आणि मॅडमना कोरडा बोअर दाखवता येईल. बेत ऐकून मला मामांच्या पाया पडावंसं वाटलं. फक्त एकच अडचण होती. बोअर भरत नव्हता.

पहिला टँकर त्याने गिळला, ढेकर नाही. दुसरा गिळला. मामांनी बोअरमध्ये खडा टाकला आणि कान लावला, आवाज नाही. तिसऱ्या टँकरला खालून असा गुडगुड आवाज आला, की ह्या पाण्याने एव्हाना गोदावरी गाठली असणार आणि पैठणच्या घाटावरचे लोक वर सरकून बसले असणार. टँकरवाला म्हणाला, मामा, कुणाचं भूत बसवलंय आत? मामा बोअरला शिव्या घालत होते. मुलीच्या लग्नात साथ दिली नाहीस, आता तरी घरची लाज राख, असं काहीतरी. चौथा टँकर आत येत होता, आणि त्याच्या मागे जीपमधून मॅडम उतरत होत्या, आणि जीपमध्ये त्यांच्याच शेजारी व्याही. मॅडमनी त्यांना फाट्यावर चालताना पाहून गाडीत घेतलं होतं.

मॅडम बाई शांत. त्यांनी टँकर बघितला, पाइप बघितला, बोअर बघितला. मग घड्याळ.

"हा कितवा?" त्यांनी विचारलं.

मामा खोटं बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात टँकरवाला अभिमानाने म्हणाला की चौथा, मॅडम, आणि अजून दहा आणले तरी घेईल, तुमच्या जिल्ह्यात असा बोअर नाय. मॅडमनी तो टँकर आपल्या डोळ्यांदेखत ओतायला लावला. त्यांनी आणलेली बिस्किटं संपायच्या आत टँकर संपला. पाणी किती आत जातं हे बघायला लोक महिनाभर आधी तयारी करतात, आणि इथे मामांनी लबाडीतच अख्खी चाचणी पार पाडली होती. बोअर पैकीच्या पैकी पास.

पण हरकत होती ना. मॅडम व्याह्यांकडे वळून म्हणाल्या, तुम्ही ह्याचं पाणी प्यालात असं लिहिलंय.

व्याही बोअरकडे बघत होते. मग मोटरकडे. मग त्यांनी मामांकडे पाहिलं. मामांच्या मिशा, ज्यांच्यावर मी मघाशी माशीला मुक्कामाला पाठवलं, त्या पार ओल्या वातीसारख्या झाल्या होत्या. शेडच्या दारात मुलगा उभा होता. मामांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"पाहुणं," मामा म्हणाले, "ह्याच्यात कधीच पाणी नव्हतं. तुम्ही आला तवाबी नव्हतं. पोरीचं जमावं म्हणून केलं."

मामी पदर तोंडाला लावून उभ्या. मला वाटलं आता येवल्याची सून माहेरी येते.

व्याह्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग तो सज्जन माणूस जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्ही आमच्याकडे चार माग पाहिले होते ना?"

"हां."

"आमचा एकच. बाकीचे तीन शेजारच्यांचे. तुम्ही येणार म्हणून भिंतीला दार पाडलं होतं."

मामा असे हसले, की टँकरवाल्याने घाबरून ब्रेकवर पाय दिला, गाडी उभी असताना. त्यांनी व्याह्यांच्या पाठीत एक थाप मारली. "तरीच म्हणलं, एकाच घरात चार दारं कशाला," म्हणाले. मामी आत पळाल्या त्या हसायला का पुरण बघायला, कळलं नाही.

फक्त मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग ते अमृत आलं कुठून?"

मी नकाशाची घडी घालू लागलो. मामांनी कडब्याच्या गंजीकडे बोट दाखवलं. गंजीमागे, चिंचेखाली, चुलतभावाची विहीर. बारमाही, पिण्याची, आणि माझ्या नकाशात नसलेली. मामांनी नळीचं बिंग फुटू नये म्हणून ती वर्षानुवर्षं कडब्याआड ठेवली होती, आणि मी, जिल्ह्यातले नापास अर्ज वाचून हसणारा, वेलदोड्याच्या चहाला भुलून गंजीला वळसा घातला नव्हता. मॅडमनी मला फार काही सुनावलं नाही. नुसतं म्हणाल्या, विहीर दाखवा, गाळणी दुप्पट करा, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडा, विहिरीचं पाणी तपासत राहा. आणि पुढच्या वेळी चहा नंतर घ्या.

व्याह्यांनी तिथेच बोनेटवर कागद ठेवून हरकत मागे घेतली. लिहिलं, 'पूर्वी प्यालेले पाणी सदर बोअरचे नव्हते, असे आज व्याह्यांकडून समजले. नात्यावर परिणाम नाही.' शेवटचं वाक्य नको, असं मी म्हटलं, तर मॅडम म्हणाल्या, राहू द्या.

अर्जाला बोअरचा फोटो लागतो, जागा ओळखू यावी म्हणून शेजारी कुणी उभं असलेलं बरं. दोघे व्याही बोअरच्या दोन बाजूंना लग्नातल्यासारखे ताठ उभे राहिले. मामांनी मिशा पिळून जाग्यावर आणल्या. मी मोबाइल धरला तर व्याही म्हणाले, थांबा, आणि बोअरचं झाकण उघडं केलं, आतला अंधार नीट दिसावा म्हणून.

नकाशा दुरुस्त करून मी तो स्वतः नेऊन दिला. उन्हाळ कांद्याच्या पहिल्या गाड्या लागल्या त्याच आठवड्यात परवानगी आली आणि शेड सुरू झालं. मी गेलो तेव्हा मुलगा यंत्रापाशी घामाघूम होता, डोळ्यांतून कांद्याचं पाणी वाहत होतं, आणि त्याच्या रिकाम्या बॅगेत मामींनी लसूण भरून ठेवला होता. मामांनी माझ्याकडून त्या फोटोची मोठी प्रत मागून घेतली होती. ती आता बैठकीत, मुलीच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावली आहे. कुणी पाहुणा विचारतो, हे मधलं काय? मामा खुर्ची पुढे ओढून बसतात आणि सांगतात की तो आमचा बोअर, टिपूस नाय त्याच्यात, असा कोरडा बोअर पंचक्रोशीत कुणाकडं नाय.