भांड्यावाली बुलेट

रेलटोलीत खेमराज मेश्रामचं गॅरेज कुठं म्हणून विचारलं, की पानठेलेवाला उलट विचारायचा, "दुरुस्ती का नंबर?" दुरुस्ती करणारे गोंदियात खंडीभर होते. नंबर पाहणारा एकच.

लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जुन्या बुलेट हौशी लोक हल्ली शोधत फिरतात, आणि त्यांना फसवणारेही तयारच असतात. भलत्याच इंजिनवरचा आकडा घासून काढायचा, त्यावर फौजी गाडीचा आकडा ठोकायचा, कागद अस्सल दाखवायचे. खेमराज पोरवयात कामठीला छावणीबाहेरच्या एका गॅरेजात राबला होता. हजारो इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली. तो घासलेटच्या फडक्यानं मळी पुसायचा, डोळ्याशी भिंग धरायचा आणि एकच शब्द बोलायचा. "अस्सल." नाहीतर, "ठोकलेला."

कोणी म्हटलं, "काका, पुन्हा एकदा पाहा ना," तर फडकं त्याच्याच अंगावर.

"खेमराज दोनदा पाहत नाही. दोनदा पाहते थो आंधरा."

हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकवलं होतं की गिऱ्हाईकंही ते त्याच्याच आवाजात म्हणून दाखवत. त्याला आवडायचं.

दवनीवाड्याचा त्याचा चुलतभाऊ सेवकराम फौजेत होता. मोटारसायकलवरून डाक पोचवायचं काम. पेन्शनीत आल्यावर लिलावातली एक बुलेट घेऊन गावात आला आणि म्हणाला, "हे तेच गाडी हाये. लढाईत हेच माझ्याखाली होती."

"सरकारनं तुझीच गाडी तुझ्यासाठी राखून ठेवली होय गा?" शेजारच्या बिसरामनं विचारलं, आणि गाव हसलं.

फौजेच्या कागदावर त्याच्या नावापुढं चढलेला इंजिनचा नंबर सेवकराम घडाघडा म्हणून दाखवायचा. दर भीमजयंतीला मिरवणुकीच्या पुढं ती बुलेट, हँडलला निळा झेंडा, वर छाती काढून सेवकराम. मरेपर्यंत तो तेच सांगत राहिला आणि गाव हसत राहिलं.

तो गेल्यावर इंद्रकुमार शेठ आला. गोंदियातला राइस मिलवाला, सडक अर्जुनीजवळ हायवेवर मोठं हॉटेल बांधत होता. आत काचेमागं फौजी गाड्या, प्रत्येक गाडीखाली ती चालवणाऱ्या जवानाच्या नावाची पितळी पाटी.

"माई, गाडी असली निकली ना, तो काका का नाम लगेगा. नागपूर से रायपूर, हर आने-जानेवाला पढेगा."

सेवकरामची बायको रुक्माबाईनं गाडीच्या टाकीवरून पदर फिरवला. गाडी द्यायला तिचं मन होत नव्हतं. पण पाटी!

"ने," ती म्हणाली. "पण नाव बिसरामले वाचता येईल एवढं मोठं टाक."

शेठची एकच अट होती. नंबर खेमराजनं पाहायचा.

त्या दिवशी रुक्माबाईच्या अंगणात अर्धं गाव जमलं. तिनं सगळ्यांना चहा दिला. बिसरामला तर आधी दिला.

"भाऊजी, तुमीच पाहा. घरचे हा."

"नंबरापुढं घरचा-दारचा नाही, वयनी," खेमराज म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. त्याला बरं वाटलं.

तो वाकला. पुसलं, भिंग धरलं. आणि लगेच ताठ झाला. एकेक आकडा टिंबाटिंबांनी कोरलेला! नुसतं "ठोकलेला" म्हणून भागलं असतं. पण एवढे लोक समोर, आणि तोंडाशी आलेली गंमत.

"शेठ, हा नंबर कारखान्यात नाही पडला. हा भांड्याच्या दुकानात पडला. लग्नातल्या परातीवर नाव टाकतेत ना, सप्रेम भेट, थोच हात!"

अंगणात हशा फुटला.

"मंग सेवकराम फौजेत परातीवर बसून डाक वाटे का गा?" बिसराम ओरडला.

शेठनं हात जोडले. "माफ करना, माई." गाडीत बसून निघून गेला. रुक्माबाई कप गोळा करत होती. खेमराजपाशी आली तेव्हा त्याचा कप भरलेलाच होता.

"प्या, भाऊजी. थंडा झाला."

पुढच्या आठवड्यात ती एकटीच गॅरेजवर आली. बसायला स्टूल दिलं तर बसली नाही.

"हात तुमी बरोबर ओरखला. भांड्यावर नावं टाकते त्या छोटेलालनंच टाकला नंबर. पण काऊन टाकला, हे इचारलं नाही."

"काऊन?"

"जयंती आली का मी गाडी घासो. राखेनं, विटेच्या भुग्यानं, पितळ घासतेत तशी. हे पोराईले सांगत, इथं हात लावा, हा माझा नंबर. मंग मले वाटे, थेच जागा सगळ्यात जास्त चमकली पाहिजे. थेच जास्त घासो. एका वर्षी पाहते तं आकडे नाहीतच! हे मले एक शब्द बोलले नाहीत. गुपचूप छोटेलालकडे नेली गाडी. नंबर तं पाठच होता."

खेमराजनं शटर ओढलं. तिच्यासोबतच दवनीवाड्याला गेला, गाडी उन्हात घेतली, आकड्यांवर काजळी चोळून पुसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांदा पाहिलं.

लबाड माणूस मशीननं घासतो, तेव्हा जागा सपाट होते. ही जागा मध्ये खोलगट होती, हातानं झिजलेली. आणि टिंबांच्या मधून काजळी धरून राहिलेल्या पुसट रेघा: साताची शेपटी, चाराचा आडवा दांडा. कारखान्याचा ठसा. जुन्या आकड्याच्या अंगावरच टिंबं बसली होती. तोच नंबर होता. सेवकराम खरं बोलत होता.

त्यानं तिथूनच फोन लावला. "शेठ, गाडी अस्सल हाये. चूक माझी झाली."

"अब अस्सल? काकाजी, घर में झगडा हो गया क्या?"

"तुमी या. मी दाखवतो, कारखान्याचा ठसा खाली हाये."

"आप ही तो बोलते हो, दोनदा पाहते तो आंधरा." शेठ हसला. "वहाँ दुसरी गाडी लग गयी, काकाजी. छोडो."

खेमराज बिसरामच्या ओट्यावर गेला. चार माणसं बसली होती. सगळं नीट समजावून सांगितलं, राख, विटेचा भुगा, टिंबाखालच्या रेघा. बिसरामनं शांतपणे ऐकून घेतलं.

"वयनीनं कोंबडा कापला का गा आज?"

चौघंही हसले. गावातली लेकरं आता त्या गाडीला भांड्यावाली बुलेटच म्हणत. ते नाव खेमराजनंच दिलं होतं, आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. खऱ्या गोष्टीत हसण्यासारखं काही नव्हतं. ती कोणी ऐकून पुढं सांगितली नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी तो पुन्हा गेला. रुक्माबाई गाडीपाशी उकिडवी बसली होती, बाजूला विटेच्या भुग्याची वाटी. हात नेमका नंबरावर.

"वयनी, नोको! तेवढीच खूण उरली हाये!"

"कोणासाठी ठेवू?" तिनं वर पाहिलं नाही. "तुमचं तं दोनदा पाहून झालं."

ती घासत राहिली. टिंबं गेली. टिंबांखालच्या रेघा गेल्या. कपाळावरचा घाम तिनं मनगटानं पुसला आणि हात पुढं केला.

"फडकं द्या."

त्यानं खांद्यावरचं घासलेटचं फडकं दिलं. तिनं भुगा पुसून काढला. जागा आरशासारखी लखलखत होती.

"आता पाहा. काय हाये?"

खेमराज वाकला. भिंग काढलं नाही.

"काही नाही, वयनी."

"हं," रुक्माबाई म्हणाली आणि हँडलला झेंडा बांधायला उठली. "मंग आता खोटं म्हणायलेबी काही नाही."