नाना तापीच्या तोंडाशी

आमच्या विभागाच्या दारावर 'किनारा व खाडी अभ्यास केंद्र' अशी पाटी आहे. जळगावात. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी फीत कापली, समुद्र आपल्या रक्तातच आहे असं भाषणात सांगितलं आणि चहा घेताना हळूच मला विचारलं, "पण तो आहे कुठे?" मी म्हटलं, "तापीच्या कडेनं चालत राहिलं की लागतो." त्यांची गाडी दाराशीच उभी होती, त्यामुळे विषय तिथेच थांबला.

खरं तर तापीच आमचं निमित्त. सुरतेच्या खाली ती समुद्राला मिळते, तिथला गाळ आणि पाण्याचा खारटपणा आम्ही तपासतो. कधी एखाद्या कंपनीला सल्ला देतो. कंपनी तो आदरानं कपाटात ठेवते.

माझी एक विद्यार्थिनी शिंदखेड्याकडची, तापीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी. पीएच.डी.साठी तिला खाडीवर मुक्काम करून होडीतून पाण्याचे नमुने घ्यायचे होते. घरी स्थळं येत होती. वडील म्हणाले, मी येऊन बघतो. पटलं नाही तर पोरीला परत आणतो, मग शिक्षण पुरे. हे तिनं मला अहवाल वाचावा तशा सपाट आवाजात सांगितलं. किती घाबरलीय, ते त्यावरूनच कळलं.

तिचे वडील, नाना, शिंदखेड्याला आमच्या गाडीत चढले, हातात भाकरी-चटणीची पिशवी. खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती. गावी नदीवर ठेवतात तशी त्यांनी पिशवी घाटाच्या शेवटच्या पायरीवर ठेवली आणि वर सावलीत बसले. लेक केशरी जीवरक्षक जाकीट घालून होडीत चढली तेव्हा त्यांनी नावाड्याकडे असं काही पाहिलं, की तो बिचारा उगाच हसला.

मग भरती लागली. पिशवी तरंगली आणि निघाली, समुद्राकडे नव्हे, शिंदखेड्याकडे.

नाना ताडकन उठले. "ओ सर! तापी उलटी चालनी!"

मी समजवायला तोंड उघडलं, पण होडीतून लेकच ओरडली, "नाना, भरती शे! समुद्र आत येई राह्यना! थांबा, भाकरी लई येस!"

तिनं होडी वळवायला लावली आणि बांबूनं पिशवी ओढून घेतली. काठावर आली तेव्हा नाना अजून पाण्याकडेच बघत होते.

"मंग परत कव्हय फिरी?"

"संध्याकायले."

"तुले आधीच समजस?"

"तेच तं शिकी राह्यनू, नाना."

दोघं भिजलेली भाकरी खायला बसली. नाना म्हणाले, "तुन्ही माय मीठ कमीच टाकस. आज बरोबर शे." ती इतकी हसली, की तिला ठसका लागला.

नंतर ती पुन्हा होडीत गेली. नाना संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. तिनं सांगितल्याप्रमाणे पाणी फिरलं, तेव्हा शेजारी कोणी दाद द्यायला आहे का म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी होतो. मान डोलावली.

काय ठरवलं, हे विचारायचा मला धीर होत नव्हता. स्टेशनवर तिकीट खिडकीशी वाकून ते म्हणाले, "शिंदखेडा, एक."

गाडी आली. दारात उभं राहून त्यांनी माझा हात धरला. "सर, तिले पव्हता येत नही. ते केशरी जाकीट काढू देऊ नका."

मी हो म्हटलं. मलाही पोहता येत नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती.