डब्यातली ओळ

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माझ्या थोरल्या वहिनीचं. सातवीतून शाळा सुटलेल्या या बाईनं मला डॉक्टर केलं, असं मी कुठंही सांगतो.

हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावातून सकाळच्या एसटीनं माझा डबा कोल्हापूरच्या स्टँडवर यायचा. आदल्या दिवशीचा डबा त्याच कंडक्टरकडं परत द्यायचा. भांडं मोकळं परत पाठवू नये, ही आमच्याकडची रीत. पण हॉस्टेलवर राहणारा मी त्यात काय घालणार? वहिनीच म्हणाली, आज काय शिकला त्याची एक ओळ लिहून घाला. मी लिहू लागलो. काळीज मुठीएवढं असतं. लहान आतडं मोठ्यापेक्षा लांब असतं. रानात तण भांगलायला जाताना ती या ओळी बरोबरच्या बायकांना वाचून दाखवायची. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच होतो.

तिसऱ्या वर्षाला असताना राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत मित्रानं नेलं. वर्गात मी गप्प असायचो. उत्तर येत असलं तरी इंग्रजी उच्चार चुकेल या भीतीनं तोंड उघडत नसे. चॅटरूममध्ये उच्चार कुणाला ऐकू येत नाहीत. तिथं मी चेष्टा करायचो, लोक माझी वाट बघायचे. आधी लेक्चर झाल्यावर जायचो, मग लेक्चर सोडून. डबाही तिथंच, कीबोर्डशेजारी उघडायचो. आजचा शेवटचा दिवस, असं रोज ठरवायचो.

त्याच सुमारास एका सरांनी वर्गात छापील प्रश्नांचे कागद वाटले. इंटरनेटवर किती वेळ जातो, तो घरच्यांपासून लपवता का, माणसांत मिसळायला जड जातं का. नाव लिहायचं नव्हतं. तरीही मी सगळीकडं 'कधीच नाही'वर खूण केली.

डब्यातली ओळ मात्र चुकवली नाही. जे आठवेल ते घाईत खरडायचो.

एके दिवशी एसटीतून डब्याबरोबर वहिनीच उतरली. तुमचं शिक्षण कुठं चालतंय ते बघायचंय, म्हणाली. मी तिला मेडिसिनच्या वॉर्डात घेऊन गेलो. दारातल्या सिस्टरनं मला ओळखलं आणि सांगितलं, तुमची बॅच तीन आठवड्यांपूर्वीच सर्जरीच्या वॉर्डात गेली. मला ते माहीतच नव्हतं.

बाहेरच्या बाकावर वहिनी बसली. कमरेच्या पिशवीतून तिनं चिठ्ठ्या काढल्या आणि त्यातल्या तीन मांडीवर ठेवल्या. तिन्हींवर एकच ओळ होती.

"भावजी, यकृत तीनदा शिकिवत्यात व्हय?"

मी चिठ्ठ्या उचलून बघितल्या, अक्षर माझंच होतं.

"म्या बायकांस्नी तीनदा वाचून दावलं. तिसऱ्या बारीला हसल्या सगळ्या. म्हटलं, हसू देत. पर तुमी आजारी हाय का काय, ह्या काळजीनं आले."

मग तिनं डबा उघडला आणि मी जेवेपर्यंत शेजारी बसून राहिली. कुठं असता, हे तिनं विचारलंच नाही. दुपारच्या गाडीनं ती परत गेली. दुसऱ्या दिवशी रात्री हे पत्र लिहून ओळीच्या जागी डब्यात घातलं:

'वहिनी, मी आजारी नाही, पण बराही नाही. दोन महिने मी वर्गात नव्हतो. कॉम्प्युटरवर अनोळखी माणसांशी बोलत बसायचो, कारण समोरच्या माणसांशी बोलायची भीती वाटते. काल संध्याकाळीही पाय तिकडंच वळले होते. दारातून परत आलो. उद्याही तसाच परत येईन, याची खात्री देत नाही. आज सकाळी एका सरांना भेटून, त्यांच्या प्रश्नांच्या कागदावर खोटं लिहिलं होतं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, दर सोमवारी या म्हणाले. हजेरी कमी आहे, कदाचित हे वर्ष जाईल. दादाला मीच सांगतो, तुम्ही सांगू नका. आज सर्जरीला गेलो होतो, पण मागं उभा राहिलो, काही दिसलं नाही. म्हणून आजची ओळ नाही. बायकांनी विचारलं तर तसंच सांगा.'