न्हाणीतल्या फरशीचे सांधे

आई आमच्या न्हाणीत घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघेपर्यंत ती इथे धुळ्यात, देवपुरात माझ्याकडेच होती, पण त्या न्हाणीत तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. मागच्या दाराशी, धुण्याच्या दगडावर, दोरीला जुनं पातळ अडकवून त्याच्या आडोशाला ती अंघोळ करायची. समोर शेजाऱ्यांच्या जिन्याची खिडकी. मी रोज तिथे पाठ करून उभी राहायचे, कोणी डोकावू नये म्हणून.

हात मोकळा झाल्यावर ती भडगावला माझ्या भावाकडे गेली आणि परत येईना. कधी गुडघे, कधी ऊन, कधी नातवाची परीक्षा. शेवटी भाऊच म्हणाला, "अक्का, तिला तुझ्याकडची न्हाणी नको आहे, दुसरं काही नाही." त्यात त्याची बदली झाली. भडगावचं घर बंद होणार आणि आई कायमची माझ्याकडे येणार, हे ठरलं. ती अंघोळ कुठे करणार, हे मात्र ठरलेलं नव्हतं. या वयात तिने कायम पातळाच्या आडोशाला बसायचं, हे मला बघवणार नव्हतं.

मी जुनी गुळगुळीत फरशी काढून टाकली आणि लहान तुकड्यांची, खरखरीत फरशी आणली. तुकडे लहान, म्हणजे सांधे जास्त, म्हणजे पायाला धर जास्त. मिस्त्रीने ती नीट बसवली आणि भाचीच्या लग्नाला गावी निघाला. "सांधे काय ताई, घरीबी भरता येतात," तो पिशवी खांद्याला लावत म्हणाला. "पिठल्यासारखं कालवा आन् भरा."

मला कामांची यादी करायची सवय आहे. कालवणे, भरणे, पुसणे, असं लिहून मी या कामाला एक सकाळ दिली.

पिठलं कालवायची सवय असली की सगळं पीठ एकदम कालवलं जातं. मी सांधे भरायच्या सिमेंटच्या मसाल्याची अख्खी पिशवी घमेल्यात ओतली. धुळ्याचा मे महिना. अर्धी न्हाणीही भरून झाली नव्हती, तेवढ्यात घमेल्यातला माल आवळत चालला. मग मी तो सैल करायला पाणी घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं. दाराकडचे सांधे गडद राखाडी आणि पाणी जायच्या जाळीकडचे फिकट, असं काहीतरी झालं. नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला.

"हे डिझाइन आहे का?"

"आत येऊन पुसायला लाग."

"नको, मी बिघडवीन."

पुसण्याचं तर आणखी वाईट झालं. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. आमच्याकडे पाणी फेकायची कोणाला सवयच नाही. भाजी धुतलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं शेवटचं पाणी अंगणाला. त्यामुळे स्पंज मी त्याच एका बादलीत बुडवत राहिले. पाणी ताकासारखं झालं तरी बदललं नाही. फरशी पुसली जात नव्हती, सारवली जात होती. वाळल्यावर सगळीकडे पांढरट थर दिसला आणि नखाने टोकरलं की सांध्यातून भुकटी निघायला लागली. जास्तीच्या पाण्याने माल कमजोर झाला होता. तो तसाच ठेवला असता तर पाणी खाली मुरलं असतं आणि तुकडे सुटले असते.

मग खरवडणं. गुडघ्याखाली गोणपाट, हातात जुना स्क्रूड्रायव्हर. एक ओळ झाली की पुढची ओळ आधीच्यासारखीच. मान दुखायची, नाकात भुकटी जायची आणि रात्री पोळ्या लाटताना मनगटात कळ यायची. काम अवघड नव्हतं. पुन्हा करायचं होतं, एवढंच, आणि पुन्हा करायच्या कामाने मी फार लवकर थकते.

दुसरी पिशवी मी शहाण्यासारखी वापरली. पहाटे, थंडाव्यात, वाटीभर कालवून, रबरी पट्टीने दाबून भरत गेले. बादलीतलं पाणी बदललं. प्रत्येक वेळी ते ओतून देताना जिवावर आलं, पण बदललं. सकाळी फरशी स्वच्छ होती आणि सांधे एका रंगाचे. आता उद्यापर्यंत तिथे पाणी लागू द्यायचं नव्हतं.

तेवढ्यात भावाचा फोन. "गाडी मिळाली आहे अक्का, आईला आजच घेऊन येतो."

आई आली, चहा घेतला आणि न्हाणीच्या दाराशी गेली. मी दारात खुर्ची आडवी लावली होती. खुर्चीची पाठ धरून तिने आत पाहिलं.

"कितलं काम बाकी शे?"

"झालं सगळं. उद्यापर्यंत पाणी लागू द्यायचं नाही. हात लावून बघ, किती खरखरीत आहे."

"ऱ्हाऊ दे. मी मांगेच अंघोळ करसू." असं म्हणून ती मागच्या दाराशी दोरी आहे का ते बघायला गेली.

भाऊ जेवून निघून गेला आणि मी पंख्याखाली आडवी झाले.

पाण्याच्या आवाजाने जाग आली. खुर्ची बाजूला सरकवलेली. आई न्हाणीत मधोमध, डाव्या हातात तांब्या, आणि सांध्यांवर पाणी शिंपडत होती. जाळीकडे राखाडी ओघळ चालले होते.

"आई! काय करतेस?"

"पानी मारी राहिनू. सिमिट शे ना? पानी नही मारं ते तडकस. आपलं घर बांधं तवय पानी मीच मारं."

"अगं, याला इतक्यात पाणी नाही चालत! दोनदा केलंय मी हे!"

"मंग तसं सांगानं ना."

"सांगितलं होतं!"

नवरा मागून म्हणाला, "आता तिसऱ्यांदा तरी डिझाइन चांगलं येऊ दे." मी वळून त्याच्याकडे पाहिलं, तसा तो आत गेला.

मग मला दिसलं की आई अनवाणी आहे. सगळी फरशी ओली. एका हातात तांब्या, आणि दुखरा हात नुसता अंगालगत लोंबत होता. भिंत, नळ, दार, काहीच तिने धरलेलं नव्हतं.

"आई, हळू. तिथेच थांब, मी हात देते."

"काबर?" तिने पाय फरशीवर पुढे-मागे घासून पाहिला. "आठे घसरत नही."

मी उंबऱ्यावर बसले. जाळीजवळचे सांधे धुऊन गेले होते, ते उघड दिसत होतं. पुन्हा खरवडायचं, पुन्हा कालवायचं. उरलेलं पाणी तिने पायांवर ओतून घेतलं, पाय एकमेकांवर घासून धुतले आणि माझ्या खांद्याला न धरता बाहेर आली.

संध्याकाळी तिने अंघोळीला गरम पाणी मागितलं. मागच्या दाराशी दोरी बांधू का, असं मी विचारलं नाही. सांधे अजून ओलेच होते. मी बादली भरली आणि न्हाणीत नेऊन ठेवली.