ग्रामसभेची सतरंजी

काल ग्रामपंचायतीच्या सभागृहातली सतरंजी बघत मी बराच वेळ उभी होते. एवढी लांबरुंद सतरंजी, पण चुरगळली होती ती फक्त मागच्या कोपऱ्यात, जिथे माझ्या नववीच्या मुली दोन तास बसून होत्या. बाकीची इस्त्री केल्यासारखी.

आमच्या शाळेत भाषा, इतिहास आणि समाज हेच मुख्य विषय. नागरिकशास्त्र गावात जाऊन शिकायचं, म्हणून मुली प्रत्येक ग्रामसभेला येतात आणि वहीत इतिवृत्त लिहितात. काल लिहायला काहीच घडलं नाही. सरपंच आले, ग्रामसेवक आले, चहा झाला. मग शिपाई हजेरीची वही काखेत मारून सह्या गोळा करायला घरोघर निघाला.

गाव आपलं असतं, हे मी किती वर्षं शिकवते आहे! ते ऐकताना मुलींचे डोळे चमकतात, आणि हल्ली मलाच अपराध्यासारखं होतं. पोहायला शिकवायचं आणि उडी मारायला कोरडी विहीर दाखवायची, असलं काहीतरी मी करते आहे.

आज सकाळी सायलीने वही पुढे केली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'माझे बाबा सभेला नव्हते. त्यांनी संध्याकाळी उंबऱ्यात उभं राहून सही केली.' शेरा द्यायला मी लाल पेन उघडलं.

"बाई, पुढच्या वेळी आम्ही घरूनच इतिवृत्त लिहून आणलं तर चालेल?"

तिने अगदी सरळपणे विचारलं. धडा तिला नीट समजला होता.