कूलरसमोरचे जहाज

मे महिन्यात जळगावच्या उन्हाने लाकूड तडकेल, या भीतीने मी लाकडी तुकड्यांच्या संचातून जोडत आणलेले शिडाचे छोटे जहाज रात्रभर कूलरसमोर ठेवले. सकाळी डोलकाठी वाकलेली दिसली.

"पुसताना हात लागला का?" मी पत्नीला हळूच विचारले; पण हळू आवाजातला आरोपही आरोपच असतो.

"त्याच्याजवळून मी पदर सावरून जाते," ती म्हणाली.

दुपारी वीज गेली आणि कूलर थांबला. ओलाव्याने आखडून डोलकाठीला ओढणारे सुती दोर वाळून सैल झाले, तशी डोलकाठी आमच्यादेखत सरळ झाली.

"घ्या, तुमच्या जहाजानेच साक्ष दिली."

मी क्षमा मागितली.

"मग निशाण मी बांधणार."

तिची गाठ जराशी तिरकी बसली आहे. मी त्या गाठीला हात लावलेला नाही.