दोनशे सतरा गाण्यांची कबुली

श्रीराम तासगावकर अमेरिकेत एडिसनजवळच्या एका औषध कंपनीत क्वालिटी खात्यात होता. तिथे कामाचा मुख्य नियम एकच: चूक झाली की ती दुसऱ्याने पकडायच्या आत आपणच कागदावर लिहायची आणि खाली तारीख घालून सही करायची. दहा वर्षं हे केल्यावर माणसाचं जे होतं ते त्याचं झालं होतं. पार्किंगमध्ये कुणाच्या गाडीला आपली गाडी पुसटशी लागली, तरी हा काचेवर नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवून यायचा, आणि ओरखडा नसेल तर 'ओरखडा दिसला नाही' असंही त्यात लिहायचा. त्याची बायको दीपा म्हणायची, याच्याशी संसार म्हणजे रोजचं इन्स्पेक्शन.

२००२ साली त्यांच्या तेरा वर्षांच्या अनिकाने घरच्या कॉम्प्युटरवर गाणी फुकट उतरवून घ्यायचा एक प्रोग्रॅम टाकला. तिला तिची इंग्रजी गाणी हवी होती. श्रीरामने एकदा गंमत म्हणून एका जुन्या भावगीताचे दोन शब्द टाइप केले, आणि ते चक्क निघालं. कुठल्या तरी देशातल्या कुणा मराठी माणसाने घरच्या कॅसेटवरून चढवलं होतं. सुरुवातीला रेडिओवरच्या बाईंचं अर्धं वाक्यसुद्धा होतं. श्रीरामचे डोळे भरून आले. त्यानंतर तो ऑफिसातून आला की बूटही न काढता कॉम्प्युटरपाशी बसायला लागला.

त्यातून रविवारचा एक नवा शिरस्ता पडला. त्याचे वडील, आबा, मिरजेला फ्लॅटमध्ये एकटेच राहत. कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, बोलण्यात अगदी मोजके. आई गेल्यापासून तर जास्तच. श्रीराम दर रविवारी सकाळी परदेशी फोनासाठी विकत आणलेल्या कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून त्यांना फोन लावायचा, आणि तब्येत, हवा, पेपरमधली एखादी बातमी एवढं झालं की चार मिनिटांत फोन आटपायचा. आता तो रिसीव्हर स्पीकरपाशी धरून दोन-तीन गाणी लावू लागला. आबा शेवटपर्यंत गप्प ऐकत आणि मग निकाल देत, "तबलजी चांगला आहे," किंवा "बाई दुसऱ्या कडव्यात घाई करतात." मग त्यावर बोलणं वाढायचं. कधी आई काय गुणगुणायची तेही निघायचं. बाप-लेक इतकं बोलले असतील तर ते याच एका वर्षात.

पुढच्या सप्टेंबरात गाण्यांच्या अमेरिकन कंपन्यांनी शेकडो लोकांवर एकदम खटले भरले. सगळी घरात बसून गाणी उतरवणारी साधी माणसं. त्याच सुमारास कंपन्यांच्या संघटनेने माफीची योजनाही काढली. चूक कबूल करा, सगळी गाणी पुसून टाका, पुन्हा करणार नाही असं नोटरीसमोर लिहून द्या, म्हणजे आम्ही तुमच्यावर खटला भरणार नाही. ओळखीतल्या सगळ्यांनी ही बातमी वाचून हसण्यावारी नेली. श्रीरामने फॉर्म छापून घेतला.

दीपाने कपाळाला हात लावला. "अरे, कुणी विचारलंय का तुला? आणि ही मराठी गाणी त्या कंपन्यांची आहेत तरी का?"

श्रीराम म्हणाला की ती कुणाची का असेनात, आपली नाहीत एवढं नक्की. त्याने फॉर्म भरला. फॉर्ममध्ये गाण्यांची यादी मागितलेली नव्हती, तरी त्याने ती जोडली. दोनशे सतरा गाणी, गायक आणि तारखेसकट. बँकेतल्या नोटरीने ती पानं उलटून पाहिली आणि हे नेमकं काय आहे म्हणून विचारलं. श्रीरामने तिला सगळं सविस्तर सांगितलं. तिने दुसरं काही न विचारता शिक्का मारला. घरी येऊन त्याने सगळी गाणी पुसली, अनिकाचीही, आणि गाणी भरून ठेवलेल्या सीडी कात्रीने कापल्या. अनिका "You are unbelievable, Dad" म्हणाली आणि आठवडाभर बोलली नाही.

त्या रविवारी आबांनी थोडी वाट पाहून विचारलं, "आज गाणं नाही?"

आता खरं सांगायचं म्हणजे चोरीची कबुली दिली असं सांगायचं, आणि तेही ज्याचा जन्म कोर्टात गेला त्याला. श्रीरामची जीभ रेटेना. कॉम्प्युटर बिघडलाय, असं तो म्हणाला. बरं, म्हणाले आबा. पुढच्या रविवारीही बिघडलेलाच होता. तिसऱ्या रविवारपासून आबांनी विचारणं सोडलं आणि फोन पुन्हा चार मिनिटांवर आला.

हिवाळ्यात मिरजेहून शेजाऱ्यांचा फोन आला. आबा गॅसवर दूध ठेवून झोपले होते. भांडं जळालं, सुदैवाने पडदा वाचला. श्रीरामने आबांना इकडे कायमचं घेऊन यायचं ठरवलं. आबांना विचारलं तर ते "बघू" म्हणाले. दर खेपेला बघू. पण त्यांना आणायचं तर श्रीरामला आधी अमेरिकन नागरिक व्हावं लागणार होतं, ग्रीन कार्डावर आईवडिलांना बोलावता येत नाही. इतकी वर्षं भारतीय पासपोर्ट जिवापाड जपलेल्या माणसाने एका संध्याकाळी अर्ज भरायला घेतला.

त्यात एक प्रश्न होता. ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा किंवा अपराध तुम्ही कधी केला आहे का?

श्रीराम तिथेच थांबला. सहीशिक्क्यानिशी कबुली देणारा हाच माणूस आता 'नाही' कसं लिहिणार? दीपाने समजावलं, चिडली, मग शेवटचं म्हणून सांगितलं. "श्रीराम, यू आर नॉट अ क्रिमिनल. रिजेक्ट झालं तर आबा तिकडेच राहतील, एकटे. तुझ्या खरेपणासाठी." ते त्याला चांगलंच लागलं. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी त्याने 'होय' वर खूण केली आणि नोटरीच्या कागदाची यादीसकट प्रत जोडली.

२००५च्या मार्चमध्ये न्यूअर्कला नागरिकत्वाची मुलाखत झाली. अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी ती यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. खटला झाला होता का? नाही. पोलीस आले होते का? नाही. मग त्यांनी लाल पेनने 'होय' खोडून 'नाही' केलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. दुरुस्तीशेजारी सही करा, म्हणाल्या.

अशा हजारो दुरुस्त्यांवर श्रीरामने सह्या केल्या होत्या, पण त्या खोट्याचं खरं करणाऱ्या. त्याने विचारलं की खाली दोन ओळींचा खुलासा लिहिला तर चालेल का. बाईंनी चष्मा काढला. या प्रश्नाचा अर्थ काय घ्यायचा हे माझं काम आहे, त्या शांतपणे म्हणाल्या, तुम्हाला सही करायची आहे की नाही तेवढं सांगा. श्रीरामच्या डोळ्यांपुढे ते जळकं भांडं आलं. त्याने सही केली. 

रविवारी त्याने आबांना फोन लावला आणि मुलाखत पास झाल्याचं सांगितलं.

"अवघड काही विचारलं का?" आबांनी विचारलं.

आणि मग श्रीरामच्याने राहवेना. त्याने सगळं सांगितलं. माफीचा फॉर्म, नोटरी, कापलेल्या सीडी, लाल पेनची दुरुस्ती. कॉम्प्युटर एक दिवसही बिघडला नव्हता, हेही. कार्डावरची मिनिटं संपत आली तरी तो बोलतच होता.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "दीड वर्ष," ते म्हणाले. "मला वाटलं, तू कंटाळलास मला."

"नाही हो, आबा. लाज वाटत होती तुम्हाला सांगायची."

 श्रीरामला वाटलं, कार्ड संपलं. त्याने दोनदा हॅलो केलं.

"आहे, आहे," आबा म्हणाले.  "मग आता मी कधी यायचं, ते सांग."